तीन ओळींचें निमंत्रण

नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला अर्पण होऊन मालवणच्या बंदरांतल्या होड्या पुन्हां पाण्यांत उतरल्या, कीं आमच्या गांवांत सभासंमेलनांचा हंगाम सुरू होतो. यंदांही तसेंच झालें. गांवांतील एका सेवाभावी क्लबाचें पुढील कार्यक्रमांचें पत्रक एके सायंकाळीं माझ्या हातीं पडलें. पत्रक लहानसें होतें व त्यांत मजकुराच्या तीनच ओळी होत्या. पहिल्या ओळींत व्याख्यानाचा दिवस आणि वक्त्याचें नांव, दुसरींत समुद्रकिनारा झाडण्याच्या श्रमदानाचा दिवस, आणि तिसरींत सभासदांच्या सहकुटुंब स्नेहभोजनाचा दिवस. पहिल्या ओळींतील वक्ता प्रस्तुत लेखकच होता, आणि विषय कोणता घ्यावा हें ठरविण्याचा भार चिटणिसांनीं मोठ्या उदारपणें त्याच्यावरच टाकला होता. विषय शोधतां शोधतां मी त्या पत्रकाकडेच पाहत बसलों, आणि थोड्या वेळानें माझ्या ध्यानांत आलें कीं, विषय शोधण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. तो या तीन ओळींतच आहे.

वाचक विचारतील कीं, अशा पत्रकांत इतिहास तो काय असणार? क्लब ही वस्तु विलायती. ती इंग्रजी शिक्षणाबरोबर मोठ्या शहरांत आली, आणि पुढें वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याबरोबर कुडाळ-कणकवलीपर्यंत पोंचली, एवढाच तिचा इतिहास. वरवर पाहतां हें खरें आहे. परंतु चार माणसांनीं एकत्र बसून एखाद्याचे विचार ऐकावे, पदरचा वेळ खर्चून दुसऱ्याचें काम करावें, आणि जातपात न विचारतां एका पंगतीस जेवावें, या तीन गोष्टी आपल्या समाजाला फुकट मिळालेल्या नाहींत. त्यांतील प्रत्येकीसाठीं कोणीतरी किंमत मोजलेली आहे. ती किंमत ठाऊक नसली म्हणजे मग पत्रकाच्या ओळी नुसत्या तारखा होऊन बसतात.

पहिली ओळ व्याख्यानाची. १८४८ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं व अध्यापकांनीं मिळून 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' नांवाची सभा काढली. कोणी निबंध वाचावा, इतरांनीं त्यावर बोलावें, असा तिचा क्रम असे; देशी भाषांतून हेंच काम चालावें म्हणून तिच्या मराठी व गुजराती शाखा 'ज्ञानप्रसारक' या नांवानें निघाल्या. एवढेंच घडलें असतें तर आणखी एक वादविवादाची सभा, म्हणून आपण तिला विसरलों असतों. परंतु तेथें स्त्रीशिक्षणावर नुसती चर्चा करून हे तरुण थांबले नाहींत. पुढच्याच वर्षीं, १८४९ सालीं, त्यांनीं मुलींसाठीं शाळा उघडल्या. शिक्षकांना द्यावयास पैसा नव्हता, तेव्हां आपला दिवसाचा अभ्यास सुरू होण्यापूर्वी सकाळच्या वेळीं ते स्वतःच विनावेतन शिकवूं लागले. दादाभाई नौरोजी हे त्या तरुणांतले एक अग्रणी होत. व्याख्यान आणि श्रमदान या आज वेगळ्या छापल्या जाणाऱ्या दोन ओळी त्या काळीं अशा रीतीनें एकमेकींना जोडलेल्या होत्या. त्यांच्यामध्यें अवघें एक वर्ष गेलें होतें.

पुढें न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यांत १८७५ सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि शास्त्र, इतिहास, अर्थकारण यांवरील व्याख्यान ऐकणें ही सुशिक्षित कुटुंबांची एक संवयच होऊन गेली. आमचा कोंकणप्रांतही याबाबतींत मागें नव्हता. रत्नागिरीचें वाचनालय १८२८ सालचें, म्हणजे पेशवाई जाऊन दहा वर्षें होतात न होतात तोंच निघालेलें. आणि सावंतवाडीचें श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचें. रस्ते नव्हते, रेल्वेचें तर नांवच नको, अशा काळांत या मुलखांत पुस्तकांसाठीं वर्गणी गोळा होत होती. या किनाऱ्याला ऐकण्याची भूक किती आहे, हें पुढें बॅरिस्टर नाथ पै यांनीं पाहिलें. वेंगुर्ल्यास १९२२ सालीं जन्मलेल्या या वक्त्याला राजापूर मतदारसंघानें १९५७, १९६२ व १९६७ असें तीन वेळां लोकसभेवर पाठविलें. १९७१ सालीं वयाच्या ४८ व्या वर्षीं ते गेले. त्यांच्या नांवानें मालवणांत जी संस्था उभी आहे, तिला व्याख्यानगृह असें नांव न देतां 'सेवांगण' असें नांव दिलें गेलें. ज्याची कीर्ति मुख्यतः वक्तृत्वाची, त्याचें स्मारक सेवेच्या नांवानें व्हावें, यांत वक्तृत्व कशासाठीं असतें याचा अर्थ या गांवच्या लोकांनीं बरोबर ओळखला, असें मला वाटतें.

आतां दुसरी ओळ, सेवेची. येथें एक योगायोग वाचकांच्या नजरेस आणावासा वाटतो. २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं पॉल हॅरिस नांवाच्या एका वकिलानें तीन मित्रांना जमवून पहिली बैठक भरविली. त्यांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर व एक शिंपी होता. बैठक पाळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत भरावयाची, म्हणून फिरतें या अर्थाचें 'रोटरी' हें नांव तिला मिळालें. आणि त्याच वर्षीं, चारच महिन्यांच्या आंत, १२ जून १९०५ रोजीं पुण्यांत गोपाळ कृष्ण गोखले यांनीं 'भारत सेवक समाज' स्थापन केला. एकीकडे चार व्यावसायिक मोठ्या शहरांतील एकटेपणा घालविण्यासाठीं एखादा तास काढीत होते. दुसरीकडे रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें जन्मलेला एक प्राध्यापक सुशिक्षित तरुणांपाशीं उभें आयुष्य मागत होता. समाजाच्या सभासदानें स्वतःसाठीं पैसा मिळवावयाचा नाहीं, ठरलेल्या अल्प वेतनावर कुटुंब चालवावयाचें, आणि पहिलीं पांच वर्षें उमेदवारी करावयाची, असे त्याचे नियम होते. एक संस्था तासाची, दुसरी जन्माची. तासाची संस्था जगभर पसरली व जन्माची मोजक्या माणसांपुरतीच राहिली, यांत नवल नाहीं. परंतु त्या मोजक्या माणसांनीं काय केलें, तें पाहण्यासारखें आहे.

समाजाचे एक सभासद नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईंत 'सोशल सर्व्हिस लीग' काढली. परळच्या गिरणगांवांत रात्रशाळा, वाचनालयें, दवाखाने अशीं कामें तिनें हातीं घेतलीं. हे गिरणीकामगार कोण होते? त्यांत सर्वांत मोठा भरणा त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्याचा होता, आणि आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं वेगळा होईपर्यंत त्याच जिल्ह्यांत होता. म्हणजे मालवण, देवगड, वेंगुर्लें येथून आगबोटीनें मुंबईस गेलेल्या आमच्याच चाकरमान्यांच्या मुलांनीं त्या रात्रशाळांतून अक्षरें गिरविलीं असतील. याच चाकरमान्यांनीं मुंबईंत गांवोगांवचीं ग्रामस्थ मंडळें काढलीं. आठ-दहा जणांनीं मिळून एका खोलींत राहावयाचें, आणि पगारांतून वर्गणी काढून गांवच्या शाळेचें छप्पर किंवा देवळाचा सभामंडप दुरुस्त करावयाचा, असा त्यांचा क्रम होता. क्लब हें नांव त्यांनीं ऐकलेंही नसेल; परंतु नियमित बैठक, वर्गणी आणि गांवचें काम, ही क्लबाची सारी सामग्री त्यांच्यापाशीं होती.

रोटरीच्या इतिहासांत आणखी एक गोष्ट आहे, जी तिच्या सभासदांतही फारशी कोणी सांगत नाहीं. शिकागोच्या त्या क्लबानें पहिलें म्हणून जें लोकसेवेचें काम १९०७ सालीं अंगावर घेतलें, तें शाळेचें नव्हतें कीं दवाखान्याचेंही नव्हतें. तें भर शहरांत सार्वजनिक शौचकूप बांधवून घेण्याचें होतें. लाज वाटावी अशा गरजेपासून लोकसेवेचा प्रारंभ झाला, हें मला त्या संस्थेचें मोठें भूषण वाटतें. आणि हें वाचतांना आमच्या कोंकणांतील माणसास दुसऱ्या एका नांवाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तें नांव म्हणजे सीताराम पुरुषोत्तम, ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन.

अप्पासाहेब तत्त्वज्ञानाचे एम. ए.; गांधीजींच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद त्यांनींच केला. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतांना त्यांनीं भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. उच्चवर्णीय कैद्यास हें काम देतां येत नाहीं, असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें, तेव्हां त्यांनीं अन्न कमी करीत नेलें; आणि ही हकीकत कळतांच येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनींही त्यांच्यासाठीं डिसेंबर महिन्यांत उपवास आरंभिला. सरकारनें नमतें घेतलें. जें काम टाळण्यासाठीं माणसें आयुष्य वेचतात, तें करावयास मिळावें म्हणून एका विद्वानानें प्राण पणास लावले! पुढें १९४८ सालीं कणकवलीस त्यांनीं गोपुरी आश्रम स्थापिला. तेथें मैल्याचें खत करण्याचे प्रयोग झाले, साधा व स्वस्त असा गोपुरी संडास तयार झाला, आणि मेलेल्या जनावरांचें कातडें काढून कमावण्याचें कामही, जन्मानें तें कोणाच्याही वाट्यास न टाकतां, तेथें होऊं लागलें. अप्पासाहेब १९७१ सालीं वारले. त्यांची शिकवण थोडक्यांत सांगावयाची तर अशी: घाण काढणाऱ्यास दया दाखविणें ही सेवा नव्हे, ती घाण त्याला एकट्याला काढावी लागूं नये अशी व्यवस्था करणें, आणि ती होईपर्यंत त्याच्या शेजारीं उभें राहून आपले हात घाण करून घेणें, ही सेवा.

तिसरी ओळ स्नेहभोजनाची. वरवर पाहतां ही सर्वांत सोपी. इतिहास पाहतां सर्वांत कठीण. १८४९ सालीं मुंबईंत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदि मंडळींनीं परमहंस सभा काढली. जातिभेद मोडावयाचा हें तिचें ध्येय; परंतु तें उघड बोलण्याची सोय नव्हती, म्हणून सभा गुप्तपणें भरे. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणें ही तेथें सभासदाची कसोटी होती. १८६० सालीं सभासदांच्या नांवांची यादी चोरीस गेली, नांवें उघड होण्याची धास्ती पडली, आणि सभा मोडली. आज ज्याची टोपली आपल्या न्याहारीस दारापर्यंत येते, त्या पावाच्या तुकड्यावर एक संस्था उठली आणि बुडाली. त्यानंतर तीस वर्षांनीं, १८९० सालीं, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून ग्रामण्य उपस्थित झालें. रानडे व टिळक हे दोघेही त्यांत सांपडले, आणि तें प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलें. रत्नागिरींत सावरकरांनीं सहभोजनें घडवून आणलीं आणि १९३३ सालीं सर्व जातींच्या हिंदूंसाठीं उपाहारगृह उघडलें, तेव्हांही विरोध करणारे थोडेथोडके नव्हते.

हा इतिहास ध्यानांत ठेवला म्हणजे क्लबाच्या जेवणाकडे पाहण्याची दृष्टि बदलते. ब्राह्मण वकील, मराठा कंत्राटदार, गाबीत डॉक्टर, मुसलमान व्यापारी आणि ख्रिस्ती शिक्षक एका टेबलाशीं बसून एकाच भांड्यांतील सोलकढी घेतात, आणि कोणाच्याही मनांत कांहीं येत नाहीं. हें 'कांहीं न येणें' मिळविण्यासाठीं जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. जे लोक क्लबांना खाण्यापिण्याचे अड्डे म्हणून हिणवितात, त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, या देशांत एकत्र खाणें हेंच एके काळीं सर्वांत मोठें धाडस होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, आमच्या गांवाला एकत्र येणें शिकविण्यास परक्याची गरज काय? आमची रापण पाहा. होडी किनाऱ्यापासून अर्धवर्तुळ घेत जाळें सोडीत जाते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर दोन बाजूंनीं माणसें ओढतात. लागलेल्या माशांचे ठरलेले वाटे होतात, आणि दोराला हात लावणाऱ्या पोरासोरांच्या पदरींही चार मासे पडतात. तेथें भाषण नाहीं, छायाचित्र नाहीं. हात लावला कीं वाटा मिळाला. किंवा आमच्या आचऱ्याची गांवपळण पाहा. तीन-चार वर्षांतून एकदां देवाचा कौल घेऊन सारा गांव, गुराढोरांसकट, वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री झोपड्यांतून राहतो. रात्रीं फुगड्या, भजनें, गाणीं होतात. असा स्नेहमेळावा कोणत्या क्लबाला भरवितां येणार आहे?

ही अभिमानाची गोष्ट खरीच, आणि यांत्रिक नौकांच्या या काळांत रापणी कमी होत चालल्या, याची खंत मलाही आहे. तरीपण इतिहास शिकविणाऱ्यानें अर्धें चित्र दाखवूं नये. आमच्या गांवरहाटींत प्रत्येकाला जागा होती हें खरें; परंतु ती जागा जन्मानें ठरलेली होती, आणि देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत कोणीं यावें हेंही ठरलेलें होतें. मान ज्याचा त्याला मिळे. पण ज्याला मानच नव्हता, त्याचें काय? सभासद होण्याची इच्छा धरून नवा माणूस आंत येऊं शकतो, ही सोय रहाटींत नव्हती; क्लबांत ती आहे. रहाटीनें हातांना काम आणि पोटाला वाटा दिला; क्लबानें निवडीचें स्वातंत्र्य दिलें. दोहोंपैकीं एकालाच खरें म्हणणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं.

निवडीचें हें स्वातंत्र्यही पूर्ण होण्यास वेळ लागला. स्त्रियांना सभासद करून घ्यावें कीं नाहीं, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तेथें १९८७ सालीं निकाल लागल्यावर १९८९ सालीं रोटरीनें आपला नियम बदलला. त्यापूर्वी स्त्रियांच्या वाट्यास बहुधा सभासदांच्या पत्नी म्हणून तिसरीच ओळ येत असे. त्याबरोबर हेंही सांगितलें पाहिजे कीं, तासाच्या संस्थांनीं तासातासानें मोठें काम केलें आहे. पोलिओच्या निर्मूलनाचा संकल्प रोटरीनें १९८५ सालीं सोडला. भारतांतील शेवटचा रोगी २०११ सालच्या जानेवारींत हावड्यास आढळला, आणि २०१४ सालीं हा प्रदेश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. सरकार, डॉक्टर आणि गांवोगांवच्या परिचारिका यांच्याबरोबरच रविवारची सकाळ बूथवर घालविणाऱ्या दुकानदारांचा आणि शिक्षकांचाही यांत वाटा आहे. वर्षानुवर्षें तोच एक तास तेथेंच दिला, तर काय होऊं शकतें, याचा याहून चांगला दाखला मजपाशीं नाहीं.

मग उणें कोठें आहे? तें मला गेल्या वर्षीं किनाऱ्यावर दिसलें. श्रमदानाच्या दिवशीं आम्हीं सारे हातमोजे घालून जमलों होतों. दीड तास काम झालें. प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या बाटल्या, जाळ्यांचे तुकडे यांनीं पोतीं भरलीं, छायाचित्रें निघालीं, नाश्ता झाला. पोतीं तेथेंच राहिलीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे फिरावयास गेलों, तों सफाईचें काम करणाऱ्या दोन बायका तीं पोतीं एकेक करून ओढीत गाडीपर्यंत नेत होत्या. त्यांतल्या वयस्क बाईनें मला ओळखलें, आणि हंसत विचारलें, "गुरुजी, फाल्या येतलात मां?" तिच्या बोलण्यांत टोमणा नव्हता, म्हणूनच तें मला अधिक लागलें. तिच्या कामाला 'फाल्या' आहे, माझ्या सेवेला नव्हता. आणि त्याच आठवड्यांतील स्नेहभोजनास ती नव्हती, हेंही तेव्हांच ध्यानांत आलें. तिला बोलवावें हें आमच्यापैकीं एकाच्याही मनांत आलें नव्हतें.

प्रत्येक धंद्याचा एकेक प्रतिनिधि क्लबांत असावा, हें रोटरीचें जुनें तत्त्व. शिकागोच्या त्या पहिल्या बैठकींत वकिलाच्या शेजारीं शिंपी बसला होता, हें विसरतां कामा नये. आमच्या गांवांतील धंद्यांची यादी करावयास बसलें, तर वकिली आणि वैद्यकी यांच्याआधीं रापण, होडीची सुतारी, माशांचा बाजार आणि गांवची सफाई यांचीं नांवें येतील. त्यांतील एकही क्लबाच्या पटावर नाहीं. कोणी त्यांना मनाई केली आहे असें नाहीं. वर्गणी आहे, वेळ आहे, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे आमच्या मनांतील संकोच आहे. परमहंस सभेच्या यादीची भीति गेली. यादीच मात्र आंखूड राहिली.

म्हणून व्याख्यानाचा विषय मीं चिटणिसांना कळविला आहे, आणि सोबत एक विनंतीही केली आहे. तिन्ही कार्यक्रम एकाच दिवशीं व्हावे. सकाळीं पोतीं भरावीं आणि तीं गाडीपर्यंत आपणच वाहावीं. त्या कामांत जे जे असतील त्या सर्वांनीं, सभासद असोत वा नसोत, दुपारीं एका पंगतीस बसावें. आणि संध्याकाळीं माझ्याआधीं त्या बाईस बोलूं द्यावें. किनाऱ्यावर कचरा कोठून येतो, कोणत्या महिन्यांत किती येतो आणि तो थांबवावयाचा कसा, हें तिच्याइतकें गांवांत कोणास ठाऊक आहे? चिटणिसांनीं पहिल्या दोन गोष्टी तात्काळ मान्य केल्या. तिसरीस ते थोडे अडखळले. "ती सभेंत बोलेल का, सर?" त्यांनीं विचारलें. मीं सांगितलें कीं, ती बोलेल. तिनें मला एक प्रश्न विचारून वर्ष होत आलें, आणि उत्तर अजून मजकडेच राहिलें आहे.

१८४८ च्या त्या तरुणांना व्याख्यानापासून शाळेच्या दारापर्यंत जाण्यास एक वर्ष लागलें होतें. आमचा क्लब त्याहून पुष्कळ जुना आहे. नवें पत्रक अजून छापावयाचें आहे.